हंगामी टंकलेखिका : अमेरिकेतील एका व्यवसायाचा इतिहास

कार्यालयातील हंगामी नोकरी हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत उभा राहिला, आणि त्याची उभारणी स्त्रीच्या आयुष्यातील संक्रमणकाळावर झाली. शिक्षण संपल्यापासून लग्न ठरेपर्यंतची वर्षे, मुले शाळेत जाऊ लागल्यावर हाताशी उरणारा वेळ, वैधव्य, घटस्फोट, किंवा पतीच्या बदलीमुळे परक्या शहरात थाटलेले बिऱ्हाड, अशा काळात कायम नोकरी एकतर मिळत नसे किंवा पत्करता येत नसे. पैशाची गरज मात्र असेच. दुसरीकडे, वर्षअखेरीचे हिशेब, साठ्याची मोजदाद किंवा कोणाची दीर्घ रजा यांमुळे कार्यालयांना थोड्या दिवसांपुरती माणसे लागत. या दोन गरजांची सांगड घालणाऱ्या मध्यस्थाने हा व्यवसाय घडवला.

त्याची पूर्वतयारी मात्र आधीच झालेली होती. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये टंकलेखन यंत्र बाजारात आणल्यानंतर कारकुनी कामात स्त्रियांचा झपाट्याने शिरकाव झाला, आणि १९३० पर्यंत अमेरिकेतील टंकलेखक व लघुलेखक यांच्यात स्त्रियांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास पोचले. तथापि अनेक विमा कंपन्या, बँका आणि शाळा विवाहित स्त्रीला नोकरीवर घेत नसत, व नोकरीत असलेलीचे लग्न झाले की तिला कामावरून कमी करत. १९४० नंतर हा निर्बंध सैल होत गेला, पण विवाहितेची नोकरी ही जोडकमाईच होय, ही समजूत टिकून राहिली. त्यामुळे सफाईने काम करणाऱ्या, परंतु नोकरीबाहेर पडलेल्या स्त्रियांचा मोठा वर्ग शहरोशहरी तयार होता.

विल्यम रसेल केली यांनी १९४६ मध्ये डेट्रॉइट येथे कार्यालयीन सेवा देणारी कंपनी काढली. आरंभी ग्राहकांचे टंकलेखन आणि प्रती काढण्याचे काम आपल्याच जागेत करून देण्याचा तिचा व्यवहार होता; पुढे ग्राहक आपल्या कार्यालयातच टंकलेखिका मागू लागले, आणि माणसे पाठवणे हाच मुख्य धंदा झाला. १९५७ मध्ये कंपनीने ‘केली गर्ल’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. दरम्यान १९४८ मध्ये मिलवॉकी येथे एल्मर विंटर आणि ॲरन शाइनफेल्ड या दोन वकिलांनी ‘मॅनपॉवर’ ही कंपनी स्थापन केली होती.

या व्यवहाराची रचना पाहण्यासारखी आहे. कंपनी उमेदवार स्त्रीची टंकलेखनाची गती तपासून तिचे नाव नोंदवून घेई, मागणी आली की दूरध्वनीवरून तिला पत्ता व वेळ कळवी, आणि ती त्या कार्यालयात रुजू होई. तिथे तिने भरलेल्या तासांच्या पत्रकावर तेथील अधिकाऱ्याची सही होई, आणि त्या पत्रकावरून कंपनी ग्राहकाला बिल व तिला पगार देई. बिलाचा ताशी दर आणि पगाराचा ताशी दर यांतील फरकातून कर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी, कार्यालयीन खर्च आणि नफा निघे. काम ज्याचे करायचे तो मालक नव्हे आणि जो मालक त्याच्याकडे काम नाही, अशी ही तिहेरी व्यवस्था होती. ग्राहकाला एखादी टंकलेखिका पसंत पडली व तिला कायम करून घ्यावेसे वाटले, तर त्याने कंपनीला भरपाई द्यावी, अशी अट करारांत घालण्याची पद्धतही रूढ झाली. म्हणजे हंगामी कामातून कायम नोकरीत जाण्याच्या वाटेवर पुन्हा मध्यस्थाचा नाका बसला.

नोकरी लावून देण्याबद्दल गरजूंकडून दलाली उकळणाऱ्या संस्थांवर अमेरिकेतील राज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून निर्बंध घातले होते. आपण दलाल नसून स्वतःच मालक आहोत, असा पवित्रा घेऊन नव्या कंपन्यांनी ते निर्बंध बहुतांशी टाळले. व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी मॅनपॉवरने १९६० च्या दशकात आपल्या टंकलेखिकांच्या हाती पांढरे हातमोजे घातले. अशा कंपन्यांच्या जाहिरातींतील स्त्री सुखवस्तू गृहिणी असे आणि फावल्या वेळात वरखर्चापुरते कमावत असे. तिला नोकरीची गरजच नाही, असे एकदा चित्र उभे केले की तिला भरपगारी रजा, निवृत्तिवेतन किंवा आरोग्यविमा न देणे अन्यायाचे वाटत नव्हते. १९७१ मधील केली यांच्या कंपनीच्या एका जाहिरातीने तर सुट्टी न घेणारी, पगारवाढ न मागणारी आणि काम नसेल तेव्हा पैसाही खर्च न करायला लावणारी कर्मचारी म्हणून तिची उघड भलामण केली.

कार्यालयीन स्त्री-कर्मचाऱ्यांची ‘नाइन टू फाइव्ह’ ही संघटना १९७३ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झाली आणि या समजुतींना संघटित विरोध सुरू झाला. परंतु तोवर मालकवर्गाला या पद्धतीची सोय पटलेली होती. रजेवरच्या कारकुनाच्या बदली माणूस घेण्याऐवजी ती जागाच वर्षानुवर्षे हंगामी ठेवण्याकडे कल वाढला, आणि कारखान्यांतील पुरुष कामगारांपासून संगणक अभियंत्यांपर्यंत सारे त्या कक्षेत आले. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्ट कंपनीत वर्षानुवर्षे काम करूनही कायम कर्मचाऱ्यांच्या सवलतींपासून वंचित राहिलेल्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि २००० मध्ये ते प्रकरण ९.७ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटले.

हंगामी कामाने अनेक स्त्रियांना अडचणीच्या काळात हाती पैसा दिला, मोडलेली सवय पुन्हा जोडून दिली आणि नव्या शहरात ओळखी मिळवून दिल्या, हे नाकारता येत नाही. दोष कामाच्या अल्प मुदतीत नव्हता. काम करणाऱ्या स्त्रीच्या पोटाची सोय दुसऱ्या कोणीतरी आधीच लावलेली आहे, या गृहीतकात होता. जिथे आरोग्यविमा मुख्यतः नोकरीशी जोडलेला आहे त्या देशात हे गृहीतक विशेष महागात पडले, आणि त्याची किंमत ते मांडणाऱ्या कंपन्यांनी नव्हे, तर हंगामी कर्मचाऱ्यांनी मोजली.