समीकरण जुने, दशांश चिन्ह नवे

क्ष + २.७५ = ६.५ हे शाळेच्या वहीतले उदाहरण दोन ओळींत सुटते, पण त्याचे दोन भाग एका घरचे नाहीत. अज्ञात संख्या शोधण्याची रीत ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच नियमात बांधली होती. भास्कराचार्यांच्या ११५० च्या बीजगणितात अज्ञाताला 'या' (यावत्तावत्) आणि ज्ञात संख्येला 'रू' (रूप) म्हणून दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात: वर 'या १ रू ३', खाली 'या ० रू ८'. रूपांतून रूपे वजा केली की उत्तर ५. अंकावर टिंबही देत, पण ते ऋण संख्येची खूण म्हणून. स्थानमूल्यही आपलेच. तरीही एककाच्या उजवीकडे दहाचीच पद्धत पुढे चालवण्याचे पाऊल इथे पडले नाही, आणि माझ्या मते त्याचे कारण मापांत आहे. रुपया सोळा आण्यांचा होता. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असणाऱ्याचे दशांशावाचून काहीच अडत नव्हते. वरचेच उदाहरण आण्यांत करून पाहा. साडेसहा रुपयांतून पावणेतीन काढायचे, तर ८ आण्यांतून १२ जात नाहीत. एक रुपया मोडला की २४ आणे होतात, त्यातून १२ गेले, उरले ३ रुपये १२ आणे. ६.५० मधून २.७५ वजा करतानाही रीत हीच आणि उत्तरही पावणेचारच, फक्त हातचा सोळाऐवजी दहाचा.

यावर कोणी म्हणेल, दमास्कसच्या अल-उक्लिदिसीने ९५२ च्या सुमारास १९ ची पाच वेळा निमपट करून ०.५९३७५ लिहिले, त्याच्यापुढे कुठे दशमान नाणी होती? आक्षेप रास्त आहे. कल्पना सुचायला मापांची गरज नव्हती. ती बाजारात रुळायला मात्र होती. म्हणूनच सायमन स्टेव्हिनचे १५८५ चे छोटे पुस्तक मला निर्णायक वाटते. ते त्याने खगोलज्ञांइतकेच मोजणीदारांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी लिहिले, आणि नाणी व मापेही दहाच्या पटीत आणावीत असा आग्रह धरला. त्याची मांडणी बोजड होती: प्रत्येक अंकाशेजारी वर्तुळात त्याच्या स्थानाचा क्रमांक. सुटसुटीत टिंब रुळले ते पुढच्या शतकात. भारतात रुपयाचे १०० नवे पैसे झाले १ एप्रिल १९५७ रोजी.

तेव्हा एखाद्या मुलाने २.७५ मधला ५ आणि ६.५ मधला ५ एकाखाली एक लिहून उत्तर चुकवले, तर शिक्षकांनी त्याला समीकरण पुन्हा शिकवू नये. त्याला ६.५ चे ६.५० करायला सांगावे आणि टिंबाखाली टिंब मांडून घ्यावे.