तीन गाठी आणि एक कटकचा रुपया

मागच्या दिवाळीत मी पुण्याहून मोहाडीला गेलो, तेव्हा आजीचा पितळी डबा बाबांनी माझ्यासमोर ठेवला. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता भरायचा होता. "तू कंप्युटरवाला आहेस, हे ऑनलाइन विकून दे," एवढंच ते म्हणाले. डब्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेल्या तीन पुरचुंड्या होत्या. मी तिन्ही सोडल्या, नाणी ताटात ओतली, पावडर लावून घासली आणि राजाप्रमाणे ढीग केले: व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज. एकूण 31 नाणी. मग फोटो काढायला बसलो.

आजी दारातून बघत होती. "तुह्या आज्यानं बांधल्या होत्या त्या गाठी. कावून सोडल्यास गा?"

मला वाटलं, म्हातारपणाची चिडचिड. माझी चूक समजायला तीन आठवडे लागले.

बाबांनी त्याआधीच एकदा विकण्याचा प्रयत्न केला होता, हे मला नंतर कळलं. एका व्हिडिओत जुन्या नाण्याचे पाच लाख मिळतात असं सांगितलं होतं. दिलेल्या नंबरवर फोन केला, तर समोरच्याने रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागद पाठवला आणि 'नोंदणी फी' मागितली. बाबांनी 2,850 रुपये भरले. मग तो फोन बंद झाला. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 लाच जाहीर केलं होतं की बँक असल्या व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कुठलीही फी घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ते पत्रक आमच्या घरापर्यंत आलं नाही, व्हिडिओ मात्र आला.

विकायचे रस्ते शोधताना पहिला दिसला तो गावातला सराफ. तो वजन करतो. हा हिशेब जुनाच आहे. पूर्वी प्रत्येक संस्थानाचा रुपया वेगळा असायचा, म्हणून सराफ वजन आणि कस पाहून बट्टा लावायचे. 1835 मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया आणला: 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आजी ज्याला 'कलदार' म्हणते तो हाच. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. सराफासाठी 1835 ते 1939 हा सगळा काळ म्हणजे साधारण 10.7 ग्रॅम चांदी. बाकीचा इतिहास मुशीत जातो.

संग्राहक वजनापलीकडचं बघतो. माझा समज होता की नाणं जितकं जुनं तितकं महाग. तसं नाही. 1862 साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया पुढची दहाएक वर्षं त्याच सालाने पाडला गेला, म्हणून तो भरपूर सापडतो. उलट 1911 चा जॉर्ज पंचमचा रुपया बघा. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणं मागे घेतलं, बहुतेक रुपये वितळवले आणि 1912 पासून हत्ती सुधारला. उरलेल्या 'डुक्कर रुपया'ला आज मागणी आहे. आमच्याकडे तो नव्हता, मी भिंग घेऊन प्रत्येक हत्ती तपासला.

मग मी एका खुल्या साइटवर जाहिरात टाकली. परदेशातून एकाने चांगला भाव सांगितला. पाठवणारही होतो, तेवढ्यात कायदा वाचला. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पुरावस्तूंचा धंदा करायलाही परवाना लागतो. म्हणजे 1919 चा जॉर्ज पंचमसुद्धा आता या कायद्यात आला. त्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणालो. जमिनीत सापडलेलं धन असेल तर आणखी जुना, 1878 चा कायदा लागतो: किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवायचं. दहाचा तो आकडा आजही दहाच आहे.

त्या जाहिरातीत एका वेड्यावाकड्या फारसी अक्षरांच्या रुपयाखाली मी 'मुघल नाणे' लिहिलं होतं, कारण त्यावर अहमदशाह बादशहाचं नाव आहे असं एका ॲपने सांगितलं. नागपूरच्या एका संग्राहकाचा मेसेज आला: "त्रिशूळ दिसतोय ना? हा भोसल्यांचा आहे, कटकचा." 1751 ते 1803 ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. बादशहाचं नाव ठेवून आपल्या टांकसाळीत रुपये पाडणं ही त्या काळची रीतच होती, कारण लोकांचा विश्वास त्या नावावर होता. अहमदशाहची कारकीर्द 1754 मध्ये संपली, तरी त्याच्या नावाचे रुपये कटकला पुढेही पडत राहिले. आमचा मुघल रुपया आमच्याच राजाचा निघाला. त्या माणसाचा पुढचा मेसेज होता, "घासलात, अर्धी किंमत गेली. सोबत कुठली नाणी होती?"

मला सांगता आलं नाही.

त्याने मला जोगळटेंभीची गोष्ट सांगितली. 1906 मध्ये नाशिकजवळ नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. शत्रूला हरवून त्याचंच चलन आपल्या नावाने चालवलं. एक नाणं हातात आलं असतं तर एवढंच कळलं असतं की ठसा दोनदा बसलाय. सगळी एकत्र मोजली म्हणून एका राज्याचा शेवट दिसला.

त्या रात्री मी आजीला फोन केला. एक गाठ आजोबांनी विकलेल्या कोशाच्या कापडाच्या पैशांची होती. दुसरी तिच्या लग्नातली. तिसरी, लाल कापडाची, आजोबांच्या आईकडून आलेली, 'वाकड्या अक्षरांचा' रुपया त्यातच होता. त्याच्याबरोबर आणखी पाच-सहा कलदार होते. कुठले, ते तिला सांगता येईना. जॉर्ज पंचमच्या रुपयावर खालच्या फुलाखाली ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कोलकात्याचा. टांकसाळ मी आजही ओळखू शकतो. पण कुठला रुपया आजीच्या लग्नातला आणि कुठला कापडाचा, हे आता कुणीच ओळखू शकत नाही. मी रोज कंपनीत डेटा जपायचं काम करतो आणि घरची एकमेव नोंद पाच मिनिटांत पुसली.

शेवटी 22 कलदार नागपूरच्या एका परवानाधारक विक्रेत्याला समोर बसून विकले. चांदीपेक्षा थोडं जास्त मिळालं, हप्ता भरला. आठ साधी नाणी आजीकडे राहिली. कटकचा रुपया मुंबईच्या एका लिलाव कंपनीकडे पाठवायचं ठरलं. तिथे कमिशन जातं, पैसे उशिरा येतात, पण फोटो, वजन, टांकसाळ सगळं छापील यादीत कायमचं राहतं. आजीने होकार दिला, कापड मात्र दिलं नाही.

कंपनीच्या फॉर्मात 'नाणे कोठून आले' असा रकाना होता. मी लिहिलं: मोहाडी, जिल्हा भंडारा. पणजीकडून, लाल लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. सोबत पाच-सहा चांदीचे रुपये होते, ते माझ्या हातून मिसळले.