यंत्राच्या वेशी

गावाला वेस असते तशी संगणकालाही असते. पेटी वळवून पाठीमागे पाहा. पोर्टांची रांग दिसेल. आवकजावक तेथून.

१९८१ साली आयबीएमने आपला पीसी विकायला काढला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डवर वेशी अवघ्या दोन : एक कीबोर्डची, दुसरी साध्या कॅसेट टेपरेकॉर्डरची. प्रिंटर जोडायचा तर वेगळे कार्ड घ्या, वेगळे दाम मोजा! १९९५ साली इंटेलने एटीएक्स हा नमुना काढला आणि बहुतेक वेशी मदरबोर्डवरच ओळीने बसल्या. त्यांत २५ छिद्रांची रुंद वेस प्रिंटरची. कापसाच्या ८ गाड्या शेजारी शेजारी निघाव्यात तशी ८ बिटे तीतून एकदम निघत. शेजारच्या ९ टाचण्यांच्या वेशीतून मात्र एकामागे एक.

१९९६ साली यूएसबी आली. त्या कामात बडोद्यास शिकलेले अजय भट्ट अग्रेसर होते. वेस एक, कोणीही यावे. कल्पना मला मनापासून पटली. परंतु जुन्या वेशी बुजवताना आतल्या माणसांना विचारतो कोण?

बाळापूरच्या आमच्या कचेरीत नवा संगणक आला, त्याला २५ छिद्रांची वेसच नव्हती. आमचा जुना डॉट मॅट्रिक्स ठोके मारून कार्बनवर एकदम ३ प्रती काढी : कामगाराला, मालकाला, दप्तराला. तो मुका झाला. विकणारा म्हणाला, नवा घ्या. थकबाकीचे तक्ते सकाळी द्यायचे होते. रात्रभर आम्ही ते हाताने लिहिले. पुढे अकोल्याहून एक केबल मिळाली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला १९७० च्या सेंट्रॉनिक्स प्रिंटरपासून चालत आलेले ३६ पट्ट्यांचे तोंड. जोडली, आणि कचेरीत पुन्हा खडखडाट सुरू झाला.