‘कमांड नॉट फाउंड’ची जुनी गोष्ट

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, राहात्याच्या घरी, मी एका रात्रीत तीनदा पायथन इन्स्टॉल केलं. सकाळी सबमिशन होतं. ‘इन्स्टॉल झालं’ म्हणून लॅपटॉप सांगायचा आणि काळ्या खिडकीत नाव टाइप केलं की तोच म्हणायचा, ही कमांड मला माहीत नाही. आई म्हणाली, “अरे, कुणाला तरी विचार.” लाज वाटत होती. शहरातल्या पोरांना हे आपोआप येतं, असा माझा समज होता.

शेवटी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, तोही बंद पडला. लाईट आल्यावर चालू केला आणि पायथन चाललं! का, ते मला पुढे युनिक्सचा इतिहास वाचताना कळलं.

कमांड शोधताना कॉम्प्युटर अख्खी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे ठिकाणांची एक यादी असते. त्याच क्रमाने तो जातो आणि त्या नावाचा पहिला प्रोग्रॅम सापडला की थांबतो. पाहुण्याने ‘पाटलांचं घर’ विचारावं आणि पहिल्याच पाटलांकडे जेवायला बसावं, तसं.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी लिहिलेल्या शेलमध्ये ही यादी कोडमध्येच पक्की होती. आधी तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथे, मग ‘बिन’ या फोल्डरमध्ये, आणि पुढे ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’मध्ये. जॉन मॅशी यांच्या शेलमध्ये ती बदलता येऊ लागली. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि तिला ‘पाथ’ हे आजचं नाव मिळालं. ‘डॉस’मध्ये पाथ १९८३ साली, दुसऱ्या आवृत्तीत पोहोचला.

क्रम साधी गोष्ट वाटते, पण तिच्यात धोका होता. बोर्नच्या शेलमध्येही ठरलेली यादी चालू फोल्डरपासूनच सुरू व्हायची. मशीन सगळ्यांचं. कुणी आपल्या फोल्डरमध्ये ‘एलएस’ नावाची फाइल ठेवली आणि अ‍ॅडमिनने तिथे जाऊन सहज ‘एलएस’ टाइप केलं, तर चालणार ती फाइल, तीही अ‍ॅडमिनच्या अधिकाराने. लिनक्सवर आपलाच प्रोग्रॅम चालवताना आधी टिंब आणि स्लॅश द्यावा लागतो, तो यामुळे. मला तो नुसता छळ वाटायचा.

नेमकी कुठली फाइल चालेल हे सांगणारी ‘व्हिच’ ही कमांड बर्कलीच्या युनिक्समध्ये १९७९च्याच सुमारास आली. गंमत म्हणजे तीही कधी चुकायची. ती तुमच्या सेटिंगची फाइल नव्याने वाचून उत्तर द्यायची, आणि समोरच्या खिडकीत वेगळंच काही चालू असू शकायचं.

माझी चूक याच जातीची. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना पाथची एक प्रत मिळते, आणि नंतर मूळ यादी बदलली तरी ती प्रत तशीच राहते. दुसऱ्यांदा इन्स्टॉल करताना मी ‘पाथमध्ये टाका’वर टिक केली होती, म्हणजे काम झालंच होतं. काळी खिडकी मात्र मी रात्रभर बंदच केली नाही. ती जुन्याच यादीने शोधत बसली.

परवा मामेभावाचा फोन आला. “दादा, चालत नाहीये. पुन्हा इन्स्टॉल करू का?”

“थांब. खिडकी बंद करून परत उघड. ‘व्हेअर पायथन’ टाइप कर आणि काय येतं ते वाच.”

दोन ओळी आल्या. त्याच्याकडे पायथन दोन होती.