पाठवणी

परवा सानगडीहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, पोरीचं लग्न ठरलं. पण तिला म्हणे साधीसुधी बिदाई नको, काहीतरी वेगळं पाहिजे. फुलांनी सजवलेली जीप म्हणते, आकाशात सोडायचे कंदील म्हणते. तू वाचतोस-लिहितोस, तूच काही सुचव ना."

आता मला लग्नातलं काय कळणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. मुळात पाठवणी म्हणजे काय? आणि ती नेहमी अशीच होती का?

सानगडी हे भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तालुक्यातलं गाव. गावात जुना किल्ला आहे, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि तलाव. आमच्या आजीचं माहेर हेच. आजी आठ वर्षांची असताना तिचं लग्न झालं, १९३० च्या सुरुवातीला. त्या घाईचं कारण मला फार उशिरा कळलं. मुलीचं लग्नाचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला होता आणि तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता. त्याआधी लग्नं उरकून घ्यायची देशभर झुंबड उडाली. आमची आजी त्या झुंबडीतली.

आजीला लग्न आठवत नसे. मांडवात झोपून गेले होते, एवढंच सांगायची. पाठवणी मात्र तिला लख्ख आठवायची, कारण ती झाली पाच वर्षांनी! आज आपण लग्न आणि पाठवणी एकाच दिवशी उरकतो, म्हणून ती लग्नाचाच शेवटचा भाग वाटते. पण बालविवाहाच्या काळात ती वेगळी घटना होती. मुलगी वयात येईपर्यंत बहुधा माहेरीच राहायची, सणासुदीला सासरी जाऊन यायची आणि मग एक दिवस कायमची पाठवली जायची. आपल्याकडे हिंदी मुलखाच्या शेजारामुळे 'गौना' हा शब्दही ऐकू येतो, तो ह्याच दुसऱ्या पाठवणीचा.

आणि पाठवणी वेगळी होती, म्हणून ती नाकारताही येऊ शकत होती. निदान एकीने ती नाकारली. मुंबईच्या रखमाबाईंचं अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं होतं. त्या आईजवळ आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये बायको नांदायला यावी म्हणून दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं. विचार करा, केवळ पाठवणीचा मुहूर्त मान्य नाही म्हटल्यावर एका मुलीसमोर तुरुंगाचं दार उघडलं गेलं होतं!

आमची आजी रखमाबाई नव्हती. ती निमूटपणे गेली. बैलांच्या रेंगीतून, चुलबंद नदी ओलांडून. सोबत पाठराखीण म्हणून तिची म्हातारी आत्या. हा शब्द आता फक्त शब्दकोशात उरलाय की काय कोण जाणे. पाठराखीण म्हणजे नव्या नवरीबरोबर सासरी जाऊन काही दिवस राहणारी माहेरची बाई. तेरा वर्षांच्या पोरीला अंधारात परसात जायची भीती वाटते, भूक लागली तर कुणाला सांगायचं ते कळत नाही, म्हणून ही सोय. आजी म्हणायची, "रेंगीत बसताना मी नाही रडली. पंधरा दिवसांनी आत्या परत निघाली ना, त्या दिवशी मी खरी रडली बापा."

नंतर वाहनं बदलली. रेंगी, दमणी मागे पडल्या. गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीतून नवऱ्या गेल्या. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात. मग 'प्रासंगिक करारा'वर घेतलेली एस.टी. वऱ्हाड घेऊन जाऊ लागली. मग जीप, ट्रॅक्स, मोटारी. मुलीचं वयही कायद्याने वाढत १९७८ मध्ये १८ झालं. पाठराखिणीची गरज संपली असं सगळ्यांनी धरलं आणि ती गाडीतून उतरली.

पण एक गोष्ट वाहनांबरोबर बदलली नाही. पाठवणी म्हणजे घरातून नाव कमी होणं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. चांगलंच झालं. पण त्यात एक मेख होती. २२ जून १९९४ पूर्वी जिचं लग्न झालं, तिला तो हक्क नाही! म्हणजे पाठवणीच्या तारखेवर बाईचा वाटा ठरला. ही मेख २००५ च्या केंद्रीय कायद्याने निघाली. माझ्या ह्या मावसबहिणीचं लग्न १९९१ चं. पुढे भावांनी हक्कसोडाच्या कागदावर सही मागितली, तिने दिली, बदल्यात साडीचोळी घेऊन आली. तिने कधी तक्रार केली नाही. पण एकदा बोलता बोलता म्हणाली होती, "सही करताना वाटलं, बिदाई आज झाली."

हे सगळं आठवल्यावर मी तिला परत फोन लावला. म्हटलं, जीप सजवा, कंदीलही सोडा, पण आसपास धानाची तणस आणि कौलं-गवताची घरं आहेत, तेव्हा कंदील नसले तर बरं. मात्र दोन गोष्टी करून बघा. एक, पाठराखीण परत आणा. पोरगी नागपूरला जाणार, दोघंही नोकरीवाले. तिच्याकडून एक आणि त्याच्याकडून एक, अशा दोन बायका चार दिवस त्यांच्या नव्या घरी राहू देत. घर तर दोघांनाही नवीनच आहे.

"आणि दुसरं?"

दुसरं म्हणजे, ओटी भरून झाली की पोरीच्या भावाने भर मांडवात चार माणसांसमोर सांगायचं, की ताई, शेतीच्या कागदावर मी तुझी सोडसही कधी मागणार नाही.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला. मग ती म्हणाली, "पाठराखिणीचं जमेल दादा. दुसऱ्याचं यांना विचारते."

लग्न वैशाखात आहे. अजून तिचा फोन आलेला नाही.