चाळणी कोणी विणली?

समजा, नववीच्या एखाद्या विद्यार्थ्याला 'आपला जिल्हा' या विषयावर प्रकल्प करायचा आहे. ग्रंथ आणि कागदपत्रांच्या एखाद्या ऑनलाइन माहितीकोशात तो 'रत्नागिरी' हा शब्द घालतो. उत्तरादाखल भराभर नोंदी येतात. त्यांत कोकणातली रत्नागिरी असतेच, पण ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातली रत्नागिरीही असते. तिथल्या बौद्ध महाविहाराचे उत्खनन देबला मित्रा यांच्या देखरेखीखाली १९५८ ते १९६१ या काळात झाले. त्यामुळे पुरातत्त्वाच्या लेखनात हे नाव वारंवार भेटते. शिवाय कोल्हापूरजवळचे जोतिबाचे देऊळ ज्या गावात आहे, त्याचे नाव वाडी रत्नागिरी. संगणकाला यांतला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने अक्षरे सारखीच.

पडद्याच्या एका बाजूला मात्र काही पर्याय दिलेले असतात: विषय, भाषा, प्रदेश, वर्ष. विद्यार्थी 'रत्नागिरी जिल्हा' हा पर्याय निवडतो. नोंदी झटकन कमी होतात, ओडिशा आणि कोल्हापूर नाहीसे होतात आणि काम सोपे होते. या पर्यायांना फिल्टर म्हणतात. आपण त्यांना चाळणी म्हणू या.

आता एक प्रश्न विचारू. ज्या नोंदी नाहीशा झाल्या, त्या कोणाच्या सांगण्यावरून झाल्या? संगणकाने प्रत्येक लेख वाचून निर्णय घेतला का? बहुतेक वेळा नाही. कोणीतरी, कधीतरी त्या नोंदीवर 'रत्नागिरी जिल्हा' अशी चिठ्ठी लावलेली होती. संगणकाने फक्त चिठ्ठी पाहिली. म्हणजे चाळणी आपण आज वापरतो, पण ती विणली गेली पूर्वीच. हे विणकाम कसे घडत गेले, ते समजून घेतले तर चाळणी वापरण्याची रीतही कळते.

एक पुस्तक, अनेक बाजू

रत्नागिरीतले सार्वजनिक ग्रंथालय १८२८ मध्ये स्थापन झाले. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय या नावाने आपण ते ओळखतो. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. अशा कोणत्याही ग्रंथालयापुढे एक अडचण असते. पुस्तक एक असते आणि ते एकाच फळीवर ठेवता येते. पण त्याचे विषय अनेक असतात. 'रत्नागिरी जिल्ह्यातील आंब्यावरील तुडतुड्यांचे नियंत्रण' असे एखादे पुस्तक असेल, तर ते शेतीत ठेवायचे, कीटकशास्त्रात की कोकणाच्या कपाटात?

अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, अशी उतरंड आहे. प्रत्येक पुस्तकाला या उतरंडीत जागा मिळते, पण मुख्यतः एकच.

या अडचणीतून वेगळी वाट काढली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट. पण जोडणी बदलली की कधी पूल होतो, कधी गाडी. रंगनाथन यांना वाटले, विषयही असेच जोडता येतील! पुस्तकाला तयार खण शोधण्याऐवजी विषयाचे सुटे भाग करायचे आणि हवे तसे जोडायचे. जोडण्यासाठी त्यांनी द्विबिंदूचे चिन्ह वापरले. म्हणून १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. या सुट्या भागांची पुढे त्यांनी पाच गटांत मांडणी केली: व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ.

वरच्या पुस्तकाला ही पद्धत लावून पाहा. मुख्य विषय शेती. कोणते पीक? आंबा. काय करायचे? कीडनियंत्रण. कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात. कधी? पुस्तकातला जो काळ असेल तो. आज पडद्याच्या बाजूला दिसणारे विषय, प्रदेश, वर्ष हे पर्याय याच विचाराच्या जातीचे आहेत. फळीवरचे पुस्तक एकाच जागी राहते. संगणकातली नोंद मात्र पाचही बाजूंनी सापडू शकते. अट एकच, पाचही चिठ्ठ्या लावलेल्या हव्यात आणि त्या बरोबर हव्यात.

सापडले किती, सुटले किती?

चिठ्ठ्या एकत्र करून प्रश्न विचारण्याचे गणित त्याआधीच तयार होते. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये तर्काचे बीजगणित मांडले. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन शब्दांवर ते उभे आहे. 'आंबा आणि रत्नागिरी' म्हटले की दोन्ही चिठ्ठ्या असलेल्याच नोंदी येतात. 'आंबा किंवा काजू' म्हटले की यादी वाढते. 'रत्नागिरी, पण ओडिशा नाही' म्हटले की काही नोंदी गळतात. आपल्या संचांच्या धड्यातले छेद, संयोग आणि पूरक संच ते हेच.

संगणक आल्यावर हे गणित प्रत्यक्ष कामाला लागले. तेव्हा प्रश्न पडला, शोध चांगला झाला हे ओळखायचे कसे? इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड इथे सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून यावर प्रयोग केले. त्यांतून दोन मापे रूढ झाली. आलेल्या नोंदींपैकी कामाच्या किती, हे पहिले माप. त्याला अचूकता म्हणू. कामाच्या एकूण नोंदींपैकी हाती आल्या किती, हे दुसरे. त्याला व्याप्ती म्हणू. प्रयोगांत दिसले की साधारणपणे एक वाढले की दुसरे घटते. चाळणी बारीक केली की कचरा जातो, पण त्याबरोबर काही धान्यही जाते.

किती जाते? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६४ मध्ये 'मेडलार्स' ही संगणकीय शोधव्यवस्था सुरू केली. तिथे प्रशिक्षित माणसे प्रत्येक लेखावर ठरावीक विषयशब्दांच्या चिठ्ठ्या लावत आणि शोधही प्रशिक्षित माणसेच घेत. एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी सुमारे ३०० शोधांची तपासणी केली. तिचा अहवाल १९६८ मध्ये आला. सरासरी व्याप्ती होती सुमारे ५८ टक्के आणि अचूकता सुमारे ५० टक्के. म्हणजे जाणकारांनी घेतलेल्या शोधातही कामाच्या १०० लेखांपैकी ४० हून अधिक सुटत होते. याची कारणे मजेदार आहेत. कधी चिठ्ठी लावणाऱ्याने एक बाजू वगळलेली, कधी शब्दसूचीत योग्य शब्दच नाही, तर कधी विचारणाऱ्याचा प्रश्न नीट समजून न घेता गरजेपेक्षा बारीक चाळणी लावलेली.

या दोन मापांत एक मोठा फरक आहे. अचूकता आपल्याला समोर दिसते. नको असलेली नोंद आली की लगेच कळते. व्याप्ती मात्र दिसत नाही. जाळ्यात आलेले मासे मोजता येतात. जे निसटले ते पाण्याखालीच राहतात. म्हणून चाळणीची चूक आपल्याला सहसा जाणवत नाही. उलट, यादी सुटसुटीत झाल्याचे समाधान मिळते.

न हललेले गाव

आता रत्नागिरीकडे परत येऊ. 'रत्नागिरी जिल्हा' या चिठ्ठीचा अर्थ काय? तो वर्षावर अवलंबून आहे.

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारच्या कागदांत हा मुलूख 'दक्षिण कोकण' होता. त्याचे मुख्य ठाणे आधी बाणकोट होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला आले. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असा आहे, कारण सावंतवाडी हे तेव्हा वेगळे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि सावंतवाडी तिकडे गेली. एकच गाव, पण तीन काळांत तीन चिठ्ठ्या!

वेंगुर्ल्याचे उदाहरण विज्ञानाच्या शिक्षकांना अधिक जवळचे वाटेल. तिथले फळसंशोधन केंद्र १९५७ मध्ये सुरू झाले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली 'रत्ना' ही आंब्याची जात तिथलीच. १९८१ पूर्वीच्या कागदांत हे केंद्र रत्नागिरी जिल्ह्यात आहे, नंतरच्या कागदांत सिंधुदुर्गात. आता एखाद्या विद्यार्थ्याने 'आंबा' आणि 'रत्नागिरी जिल्हा' या दोन चाळण्या लावून वर्षवार लेख मोजले आणि आलेख काढला, तर १९८१ नंतर वेंगुर्ल्याचे लेख त्यातून गळतील. घट दिसली की कारणे शोधली जातील: निधी कमी झाला असेल, संशोधकांचा उत्साह ओसरला असेल. निष्कर्ष रुबाबदार, आलेख नीटनेटका आणि दोन्ही खोटे. केंद्र एक इंचही हललेले नाही. हलली ती जिल्ह्याची सीमा. आणि एखाद्या माहितीकोशाने जुन्या नोंदींवरही आजचा जिल्हा लिहिला असेल, तर चूक उलट दिशेने होईल. म्हणून आधी पाहायचे ते हे की चिठ्ठी त्या काळची आहे की आजची.

नावांचेही तसेच. जुन्या इंग्रजी कागदांत 'रटनाघेरी' असा उच्चार होईल असे रत्नागिरीचे स्पेलिंग भेटते. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. त्याच्या नावाची रोमन लिपीत निदान तीन स्पेलिंगे आहेत आणि त्याच्याविषयीचा एखादा कागद 'रत्नागिरी'ऐवजी 'ब्रह्मदेश' या चिठ्ठीखालीही असू शकतो. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे आपले आडनाव इंग्रजीत शेवटी 'पी-वाय-ई' असे लिहीत. मराठीतही १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुस्वार कमी झाले. त्याआधीच्या पुस्तकांत 'कोंकण' असते, आज आपण 'कोकण' लिहितो. एका टिंबापायी काही दशकांची पुस्तके नजरेआड होऊ शकतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

मग चाळणी वापरू नये का? जरूर वापरावी. लाखो नोंदी कोणी एकेक वाचू शकत नाही. पण तराजू वापरण्यापूर्वी आपण काटा शून्यावर आहे का ते पाहतो. तशीच ही चाळणी तपासून घ्यावी.

पहिली गोष्ट, आधी चाळणी न लावता शोधावे आणि नोंदींचा आकडा वहीत लिहावा. मग एका वेळी एकच चाळणी लावून प्रत्येक वेळी आकडा लिहावा. कोणत्या पायरीला यादी अचानक ढासळली, ते आपोआप कळते.

दुसरी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ओळखीच्या नोंदींची परीक्षा. माहितीकोशात नक्की आहेत अशा चार-पाच नोंदी आधी शोधून ठेवाव्यात, उदाहरणार्थ गॅझेटियरचा तो दहावा खंड. चाळणी लावल्यावर त्या राहिल्या का ते पाहावे. एखादी गळाली, तर ती नोंद उघडून कोणत्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. पुष्कळदा रकाना रिकामाच असतो, आणि ज्या नोंदीवर चिठ्ठीच नाही ती चाळणीतून हमखास गळते.

तिसरी गोष्ट, स्थळाची चाळणी लावताना जिल्ह्याबरोबर तालुक्यांची आणि गावांची नावेही 'किंवा'ने जोडावीत. सीमा बदलते, मालवण मालवणच राहते.

शेवटी, प्रकल्पात निष्कर्षाबरोबर शोधाची रीतही लिहायला सांगावे: कोणता शब्द, कोणत्या चाळण्या, कोणत्या तारखेला, किती नोंदी. प्रयोगवहीत साहित्य आणि कृती लिहितो तसेच हे आहे. 'या विषयावर काहीच सापडले नाही' असे वाक्य विद्यार्थ्याने लिहिले, तर त्याला एवढेच विचारावे: ते नव्हते, की तुझ्या चाळणीतून गळले?