गळ, रापण आणि वाटा

मराठीच्या जुन्या नमुन्यांची चर्चा निघाली, की कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथाचे नाव येतेच. इ. स. ११२९ च्या सुमाराच्या या संस्कृत ग्रंथातील गीतविषयक प्रकरणात काही मराठी ओळी येतात आणि पदव्युत्तर वर्गात त्या आपण सारेच शिकलो, शिकवत आलो. त्या ओळी मत्स्यावताराच्या आहेत, हा योगायोग मोठा गमतीचा. कारण ग्रंथाच्या त्याच भागात, म्हणजे विनोदविंशतीत, 'मत्स्यविनोद' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीचा अभ्यासक त्याकडे सहसा फिरकत नाही.

येथे 'विनोद' म्हणजे मनोरंजन, खेळ. राजाने गळ टाकून मासे कसे धरावेत, काठी आणि दोरी कशी असावी, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, याचे तपशीलवार विवेचन सोमेश्वराने केले आहे. समुद्रातले मासे आणि नद्यांतले मासे, खवले असलेले आणि नसलेले, अशी वर्गवारीही तो करतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला आणि शास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे वेधले. इतकेच नव्हे, तर ग्रंथाच्या 'अन्नभोग' या प्रकरणात मासे रांधण्याच्या कृतीही आहेत. माशाच्या तुकड्यांना चिंचेचा कोळ लावून ते तेलात तळण्याची रीत वाचताना मालवणचा माणूस चमकतो. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तोवर तिखटपणाचे काम मिऱ्याकडे होते. चिंचेच्या जागी कोकम आणि मिऱ्याच्या जागी मिरची घातली, की आपण आजच्या तळलेल्या तुकडीच्या फार दूर राहत नाही.

म्हणजे नऊ शतकांपूर्वीच्या दप्तरात मासा दोन ठिकाणी नोंदला गेला आहे : राजाच्या खेळात आणि राजाच्या ताटात. प्रश्न असा, की या दोहोंच्या मध्ये जो उभा असतो, पोटासाठी मासा धरणारा, त्याची नोंद कोठे आहे?

ती शोधायची तर मालवणच्या किनाऱ्यावर यावे लागते. हा किनारा गळाच्या माशांना अनुकूल आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर १६६४ पासून उभारला गेला, त्याच्या आसपासच्या खडकांत गोबरा आणि तांबोसा राहतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तसल्या खाडीमुखांत चोणक सापडतो. रायगडात यालाच जिताडा म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. तेथे हौशी गळकऱ्यांचा तो अत्यंत लाडका मासा आहे. थोड्या खोल पाण्यात सुरमई, जिला गोव्यात इसवण म्हणतात. गळाला कोकणात 'गरी' म्हणतात आणि त्यावरून 'गरवणे' असे सुटसुटीत क्रियापद झाले आहे. राजाला ज्या खेळासाठी अख्खे प्रकरण लिहावे लागले, तो येथे एका क्रियापदात मावतो.

परंतु गरी ही एकट्याची. किनाऱ्याचे समाजजीवन घडले ते रापणीवर. होडीतून शेकडो मीटर लांबीचे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी ओढून घ्यायची, ही रापण. तिला दोन-चार हात पुरत नाहीत; दोरीला गाव लागतो. आलेल्या बांगड्याचे, तारलीचे वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या हातांचा. गाबित समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही व्यवस्था कोणत्याही ग्रंथात नियमबद्ध झाली नाही. ती 'वाटा' या एका शब्दात जगली. चित्रकार प्र. अ. धोंड यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'रापण' हे नाव दिले, तेव्हा हा शब्द मराठी साहित्यात स्थिरावला. मात्र अनेक वाचकांना तो पुस्तकाचे नाव म्हणूनच ठाऊक असतो.

रापणीचा एक धर्म आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ती माशाच्या मागे जात नाही. मासा किनाऱ्याशी येण्याची वाट पाहते. नेमके येथेच तिचे मरण दडलेले होते. यांत्रिक नौका आल्या आणि माशाला किनाऱ्यापर्यंत येऊ देण्याची गरज उरली नाही. १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकारांनी ट्रॉलरांविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. तेथे १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा जन्मही त्याच वर्षीचा. पुढे पर्ससीन जाळी आली. ही जाळी बांगड्याच्या घोळक्याला भर समुद्रात वेढा घालतात आणि तळाची दोरी आवळून सारा घोळका एकदम उचलतात. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर इतकाच ठेवला. प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. २०२१ साली राज्याने आपल्या कायद्यातील दंड वाढवला. एवढी कलमे झाली तरी पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांचा संघर्ष मिटलेला नाही.

पर्ससीनच्या नौकेवरही माणसेच राबतात आणि त्यांनाही घरे आहेत, हे आम्ही विसरत नाही. बर्फ, रेल्वे आणि रस्ते यांमुळे मालवणची सुरमई दूरच्या शहरांत पोचली, त्यात किनाऱ्याचाही लाभ झाला. आमचा मुद्दा वेगळा आहे. या स्थित्यंतरात मासा पुन्हा त्याच दोन जुन्या जागी जाऊन बसला : खेळात आणि ताटात. आधुनिक काठी आणि चरकी घेतलेले हौशी लोक आता चोणकासाठी, तांबोशासाठी कोकणात येतात. पर्यटकासमोर सुरमईची थाळी येते. यांत वावगे काहीच नाही. पण सोमेश्वराच्या ग्रंथात जी जागा रिकामी होती, ती आजच्या पर्यटनपुस्तिकेतही रिकामीच आहे. ओढणाऱ्या हातांचा वाटा तेथे दिसत नाही.

ही रिकामी जागा भरण्याचे काम मत्स्यखात्याचे नव्हे, तर भाषेच्या अभ्यासकांचे आहे, असे आम्हाला वाटते. जाळ्याच्या भागांची, वाऱ्यांची, पाण्याच्या रंगांची आणि वाट्यांच्या प्रकारांची नावे आज वृद्ध रापणकारांच्या तोंडी आहेत. ज्यांची रापण थांबली, त्यांच्या घरातील पुढच्या पिढीला ती लागत नाहीत. म्हणून ती येत नाहीत. कोकणातील महाविद्यालयांत दर वर्षी बोलींवरचे प्रकल्प होतात. त्यांतील बरेचसे म्हणी आणि लोकगीतांपाशी थांबतात. एखाद्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर विद्यार्थ्यांना वहीसह किनाऱ्यावर पाठवावे. नोंद करण्यापूर्वी त्यांनी थोडा वेळ दोरीलाही हात लावावा. वाट्याचा हिशेब तेथेच, मासळी वाळूवर आल्यावर मांडला जातो. तो ऐकायला मिळेल.